लेक अमेरिकेत आमदारकीला उभी राहते म्हणते आणि मला दर वर्षी तीन महिने बोलावते

पत्र आलंय सांगलीहून, थोडं छाटून देतेय:

"ताई, नमस्कार. माझं वय ६७, हे जाऊन चार वर्षं झाली. एकुलती एक लेक मेरीलँडमध्ये मॉन्टगोमेरी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) असते, वय ४१, फार्मसिस्ट आहे, जावई आयटीत, मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत. पाच वर्षांपूर्वी ती तिकडची सिटिझन झाली. मुलांच्या शाळेच्या कमिटीत होती तोवर ठीक होतं, आता तिथल्या पार्टीवाल्यांनी तिला स्टेटच्या इलेक्शनला उभी राहा म्हणून भरीला घातलंय. म्हणजे आमदारच ना? आमच्या सात पिढ्यांत कोणी ग्रामपंचायतीला उभं राहिलं नाही. ते बेळगावचे ठाणेदार तिकडे खासदार झाले, पण कोट्यधीश म्हणून त्यांना जमलं, हिच्याकडे काय आहे? चांगली नोकरी सोडून हे कशाला? परवा फोनवर म्हणाली, आई, निवडून आले तर दर वर्षी जानेवारी ते एप्रिल तू ये मुलांना बघायला. मी हो म्हणाले. पैसे कमी पडले तर एफडी मोडून पाठवते असंही म्हणाले. तिकडे पुढारी बाईला घरात येऊन मारलं ते टीव्हीवर बघितल्यापासून मला झोप नाही. तिला कसं समजावू? जावई काहीच बोलत नाहीत."

ताई, सगळ्यात आधी एफडी. मोडू नका. प्रेमाने म्हणालात ते कळतं मला, पण अमेरिकेत बाहेरच्या देशाच्या नागरिकाने कुठल्याच इलेक्शनला पैसे द्यायचे नसतात, राष्ट्राध्यक्षाच्या नाही, स्टेटच्या नाही, गावातल्या कौन्सिलच्यासुद्धा नाही. सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला देऊ शकतो. तुम्ही सांगलीत राहणाऱ्या, व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्या, म्हणजे तुम्ही नाही. आणि "जावयाच्या अकाउंटला टाकते, तो देईल" हा आपला नेहमीचा घरगुती मार्ग तर अजिबात नको, दुसऱ्याच्या नावाने पैसे देणं हा वेगळा गुन्हा आहे आणि उद्या विरोधकांनी हिशेब उकरला तर लेकीचंच नाव पेपरात येईल. डोनेशनची यादी तिकडे पब्लिक असते, कोणीही नेटवर बघू शकतो. तेव्हा आजच फोन करून सांगा की एफडीचं विसर बाई.

आता आमदार. मी तुमच्या लेकीच्याच काउंटीत, रॉकव्हिलला बावीस वर्षं काढून परत आलेली बाई आहे, तिथल्या दोन इलेक्शनला दारोदार हिंडलेय, त्यामुळे सांगते, हो, तसं बघायला गेलं तर आमदारच, पण तुमच्या डोळ्यासमोर जे चित्र उभं राहिलं ना, पांढऱ्या गाड्या, मागे पाच-पन्नास पोरं, फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, ते तेवढं पुसून टाका. मेरीलँडच्या खालच्या सभागृहात १४१ जण असतात, त्यांना डेलिगेट म्हणतात, वरच्यात ४७ सिनेटर. एका मतदारसंघातून एक सिनेटर आणि तीन डेलिगेट. लोकसंख्या म्हणाल तर एका मतदारसंघात साधारण एक लाख तीस हजार माणसं, आणि आपल्याकडे एका आमदारामागे चार लाखांच्या आसपास येतात. म्हणजे माणसं आपल्या तिसरा हिस्सा आणि त्यात तीन जण वाटेकरी! तुमची लेक किराणा आणायला गेली तर शंभरातल्या नव्वद लोकांना ती कोण हे कळणार पण नाही. ऑफिसात एक-दोन मदतनीस, गाडी स्वतःची, चालवायची स्वतःच. आमच्या भागातला एक डेलिगेट मी स्वतः लायब्ररीबाहेर पार्किंग शोधत चकरा मारताना पाहिलाय.

पगाराचं ऐकून तर तुम्ही कपाळाला हात लावाल. वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या थोडं वर. फार्मसिस्ट म्हणून ती याच्या दुप्पट तर सहज कमवत असेल. तरी मेरीलँड बरं म्हणायचं, टेक्ससमध्ये ७,२०० डॉलर वर्षाचे आणि न्यू हॅम्पशायर म्हणून एक चिमुकलं राज्य आहे तिथे खालच्या सभागृहात ४०० जण आणि त्यांना पगार वर्षाला १०० डॉलर, एकोणिसाव्या शतकात ठरला तो अजून तेवढाच! न्यूयॉर्कला मात्र १,४२,००० देतात. प्रत्येक राज्याचं आपापलं, त्यामुळे "अमेरिकेत आमदार काय करतो" याला एक उत्तरच नाहीये.

म्हणून तुमचं "नोकरी सोडून" हे वाक्य मला खटकलं. तिने तुम्हाला तसं सांगितलंय की तुम्ही धरून चाललाय? कारण मेरीलँडचं सेशन वर्षातून ९० दिवसांचं असतं, जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू, एप्रिलमध्ये रात्री बाराच्या ठोक्याला बंद, नंतर कागदाचे तुकडे उधळतात आणि सगळे घरी जाऊन झोपतात. बाकी वर्ष बहुतेक जण आपापली कामं करतात, कोणी वकील, कोणी शिक्षक. (बाकी वर्षही मीटिंगा, फोन, शाळांचे कार्यक्रम असतातच, तो भाग ती तुम्हाला सांगणार नाही, मी सांगून ठेवते.) तेव्हा तिला विचारायचं ते हे, की तुझा मालक तुला जानेवारी ते एप्रिल सोडणार आहे का, आणि दरवर्षी? हे त्याच्याकडून लेखी घेतलंस का? याचं उत्तर तिच्याकडे तयार नसेल तर ती अजून उभी राहायला तयार नाही एवढंच मी म्हणेन.

आणि त्या ९० दिवसांत काय असतं ते ऐका, कारण तिथेच तुमचा संबंध येतो. राजधानी अ‍ॅनापोलिस, समुद्राच्या खाडीवर टुमदार गाव आहे, विधानभवन १७७२ मध्ये बांधायला घेतलं आणि अजून त्याच इमारतीत काम चालतं. तुमच्या लेकीच्या घरापासून ट्रॅफिक नसेल तर तास, असेल तर देवाची करणी. तेवढ्या दिवसांत दोन-अडीच हजार बिलं येतात. आपल्याकडे सरकार बिल आणतं आणि आमदाराने पक्षाचा व्हिप बघून हात वर करायचा, तिकडे असं नाही हो, तिकडे प्रत्येक मेंबर स्वतःची बिलं आणतो, आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कोणी अपात्र होत नाही, तसला पक्षांतर कायदाच नाही. पहिल्याच वर्षी आलेली नवखी बाईसुद्धा औषधांच्या किमतीवर नाहीतर शाळेच्या बसवर बिल मांडते, आणि कमिटीत ते वाचवायला लोकांच्या हातापाया पडते. मी एकदा एका बिलावर बोलायला गेले होते, दुपारी एकला नाव दिलं, पाचला नंबर आला, बोलायला दोन मिनिटं मिळाली. समोर जे कमिटीवाले बसले होते ते मात्र माझ्याआधी ऐंशी जणांना ऐकून बसले होते आणि माझ्यानंतर अजून तीस होते आणि एक डेलिगेट बाई टेबलाखाली सँडविच धरून खात होती आणि तरी मला नेमका प्रश्न विचारला तिने. तेव्हापासून या लोकांबद्दल मला जरा माया आहे. सोमवारी तर सभागृह रात्री आठला बसतं, म्हणजे दूरच्यांनी दिवसभर गाडी मारून पोचावं. तेव्हा मुलांचं जेवण कोण करणार, होमवर्क कोण बघणार, बर्फ पडून शाळा बंद झाली तर घरी कोण, हे प्रश्न खरे आहेत, पण ते लेकीचे आणि जावयाचे आहेत. तुमचे नंतर.

यावर परत येते. आधी ठाणेदार.

श्री ठाणेदारांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते अर्धंच दिलंत. माणूस बेळगावात वाढला, तिकडे जाऊन केमिस्ट झाला, कंपन्या उभ्या केल्या, सगळं खरं. पण २०१८ ला ते मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी (आपल्याकडचं मुख्यमंत्रिपदच म्हणा) उतरले तेव्हा खिशातले कोटीभर डॉलर घातले, आणि पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे उमेदवार कोण हे ठरवायला पक्षात आधी मतदान होतं त्यातच, तिसरे आले. मग २०२० ला मुकाट्याने राज्याच्या खालच्या सभागृहाला उभे राहिले आणि तिथून निवडून आले, २०२२ ला काँग्रेसवर, म्हणजे तिकडच्या संसदेवर निवडून गेले, आपल्या भाषेत खासदार. नुसत्या पैशाने होत असतं तर पहिल्यांदाच झालं असतं ना.

पण मला विचाराल तर लेकीने ठाणेदारांकडे बघूच नये, तिच्या स्वतःच्या काउंटीत बघावं. कुमार बर्वे म्हणून आहेत, आडनाव वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तेच आपले बर्वे. जन्म तिकडचाच, शिक्षणाने अकाउंटंट. १९९० ला मॉन्टगोमेरी काउंटीतूनच निवडून आले, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेला पहिला भारतीय वंशाचा माणूस, आणि तिथे बत्तीस वर्षं राहिले. त्यातली बारा, २००३ ते २०१५, बहुमतवाल्या पक्षाचे नेते म्हणून, मग पर्यावरण आणि वाहतुकीच्या कमिटीचे अध्यक्ष. एकदाच वरची उडी मारली, २०१६ ला काँग्रेसच्या प्रायमरीत, जमलं नाही, परत येऊन आपल्या कमिटीत बसले. २०२३ ला सोडलं आणि वीज-गॅसच्या दरावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगावर गेले. टीव्हीवर कधी दिसले नसतील तुम्हाला. पण बत्तीस वर्षांत पाणी, रस्ते, हवा यावरची किती बिलं त्या माणसाच्या हाताखालून गेली असतील विचार करा. मला हे करिअर फार आवडतं खरं सांगायचं तर, आपल्याकडे ज्याला मंत्रिपद मिळालं नाही तो बिचारा समजतात.

दुसऱ्या अरुणा मिलर, हैदराबादच्या, त्याच काउंटीत रस्ते-वाहतूक खात्यात इंजिनीयर होत्या. २०१० ला डेलिगेट झाल्या, आठ वर्षं केलं, २०१८ ला काँग्रेसची प्रायमरी हरल्या. पद हातचं गेलं. आणि २०२३ ला राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या, आपल्या उपमुख्यमंत्र्यासारखं पद. म्हणजे त्या हरण्याचा शेवट काय होणार हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना पण नाही.

हरण्याचं मुद्दाम बोलतेय, कारण तुमच्या सगळ्या पत्रात लेक निवडून आली तर काय होईल याची काळजी आहे, पडली तर काय याची एक ओळ नाही! ताई, पडण्याचीच शक्यता जास्त असते पहिल्या खेपेला. लिंकनसुद्धा १८३२ ला इलिनॉयच्या विधिमंडळासाठी पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तेरा जणांत आठवा आला. त्याच्या स्वतःच्या गावाने ३०० पैकी २७७ मतं दिली होती, पण गावाबाहेर त्याला ओळखतं कोण. दोन वर्षांनी परत उभा राहिला, आला, आणि लागोपाठ चार टर्म केल्या. तुमच्या लेकीचं पण तसंच आहे, शाळेच्या कमिटीतली, देवळातली, मराठी मंडळातली माणसं मतं देतील, पण ती झाली तिची ३०० माणसं. बाकी मतदारसंघ पायाने हिंडावा लागतो. त्या काउंटीत डेमोक्रॅट पक्षाचं एवढं वर्चस्व आहे की नोव्हेंबरचं इलेक्शन नावापुरतं, खरी लढाई उन्हाळ्यातल्या प्रायमरीत, आणि तिथे फक्त त्या पक्षात नाव नोंदवलेलेच मत देऊ शकतात. आपल्या किती मंडळींनी मतदार नोंदणीत पक्षाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसतं माहितीये? जेवायला बोलावतात, फोटो काढतात, पाठीवर थाप मारतात आणि प्रायमरीला मतच देता येत नाही. लेकीला एवढं एकच सांगा माझ्याकडून, की मंडळाच्या गणपतीत भाषण ठोकण्याआधी तिथे पक्षनोंदणीचा फॉर्म घेऊन बस.

आणि अजून एक, पार्टीवाल्यांनी भरीला घातलंय म्हणजे नक्की कोणी? तिकडे सिनेटर आणि तीन डेलिगेट मिळून एक पॅनेल करतात, त्याला स्लेट म्हणतात, एकत्र पत्रकं, एकत्र खर्च. सध्याच्या सिनेटरने स्लेटवर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, तिला बरंच आयतं मिळेल. नुसतंच कोणीतरी चहा पिताना "यू शुड रन" म्हणालं असेल तर ते तिकडे सगळ्यांना म्हणतात, मलासुद्धा म्हणाले होते आणि मला तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. आमच्या गल्लीतली एक बाई अशीच कोणाच्या तरी शब्दावर उतरली, मी तिच्याबरोबर मे-जूनच्या उन्हात दारं ठोठावली, ऐनवेळी शब्द देणारे दुसऱ्याच्या स्टेजवर दिसले. पडली. पण पुढच्या वर्षी ज्या ज्या घरी आम्ही गेलो होतो तिथले लोक तिला रस्त्याच्या खड्ड्यासाठी फोन करायला लागले, निवडून न येताच आमदार झाली बिचारी.

आता तुमची झोप. मिनेसोटात जून २०२५ मध्ये जे झालं ते खरंच झालं, मेलिसा हॉर्टमन या आमदार बाई आणि त्यांचे यजमान, दोघांना घरी येऊन मारलं, पोलिसाचा वेष करून आला होता तो माणूस, आणि दुसरे एक सिनेटर आणि त्यांची बायको त्याच रात्री गोळ्या लागून जखमी झाले. मी तुम्हाला "असं काही होत नाही हो" म्हणणार नाही, कारण तुम्ही बघितलंय. राज्याच्या आमदाराला तिकडे रोजचा बॉडीगार्ड नसतो, आणि इतकी वर्षं घरचा पत्ता सहज सापडायचा, कारण आमदार शेजारीच राहतो ही तिकडे अभिमानाची गोष्ट होती. पूर्ण अमेरिकेत असे सात हजारांवर आमदार आहेत आणि बहुतेकांना फार तर शिव्यांचे ईमेल येतात, हेही तितकंच खरं. पण भीती वाटते तर सरळ विचारा, घराला कॅमेरा लावणार का, दार कोण उघडणार, पत्रकांवर घरचा पत्ता न घालता टपालपेटीचा नंबर घालणार का, मुलांचे फोटो टाकणार का. हे विचारलंत तर ती उत्तर शोधेल. "मला झोप येत नाही, तू उभी राहू नकोस" म्हणालात तर ती पुढच्या वेळेपासून तुम्हाला काही सांगणारच नाही, एवढंच होईल.

म्हणजे कसं समजावू याचं उत्तर, समजावू नका. ४१ वर्षांची आहे, तिकडची नागरिक आहे, उभं राहणं तिचा हक्क आहे आणि मला तर वाटतं औषधांच्या दुकानात पंधरा-सोळा वर्षं लोकांना किमती ऐकून औषध परत ठेवताना बघितलेली बाई त्या सभागृहात हवीच. तुम्ही नाही म्हणालात तरी ती राहील उभी.

पण जानेवारी ते एप्रिलचं तुम्ही एका फोनवर हो म्हणालात ना, तिथे मी अडले. टर्म चार वर्षांची. म्हणजे चार हिवाळे, तुमचं वय ६७ ते ७१, गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. बाहेर मायनसमध्ये थंडी, गाडी तुम्हाला येत नसणार, पायी जायला दुकान नाही, दुपारी तीनपर्यंत घरात आवाज नाही, आणि तुमची संक्रांत, माहेरवाशिणी, शेजारच्या बायका, भिशी सगळं सांगलीत. मेडिकल इन्शुरन्स दर वेळी वेगळा. मी अशा आज्या तिकडे खूप पाहिल्यात, खिडकीशी बसलेल्या, विचारलं की म्हणतात छान चाललंय.

ओबामांच्या सासूबाईंचं माहितीये का तुम्हाला, मेरियन रॉबिन्सन? जावई आठ वर्षं इलिनॉयचा स्टेट सिनेटर होता, शिकागोहून स्प्रिंगफील्ड तीन-साडेतीन तास, आठवड्यातले काही दिवस तिकडेच, त्यातच दोन्ही मुली झाल्या, त्यातच २००० सालच्या प्रायमरीत काँग्रेसचं तिकीट मागायला गेला आणि दणकून आपटला. मिशेलबाईंची त्या काळातली चिडचिड त्यांनी स्वतःच नंतर जगाला सांगितलीय. पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या वेळी आजीने बँकेतली नोकरी सोडून नातींना सांभाळलं, पण व्हाइट हाऊसला राहायला चला म्हटल्यावर बाई लगेच तयार झाल्या नव्हत्या, आपलं शिकागोचं घर सोडायला नको होतं त्यांना. गेल्या शेवटी. पण आढेवेढे घेऊन गेल्या, आणि तेवढा हक्क तुम्हालाही आहे.

तेव्हा एक रविवार ठरवा, व्हिडिओ कॉलवर लेक आणि जावई दोघं पाहिजेत, जावई कॅमेऱ्यासमोर. त्यांना म्हणा, पहिलं सेशन मी येते, पूर्ण ९० दिवस, हौसेने येते. दुसऱ्या वर्षाचं तेव्हा बघू. आणि त्या ९० दिवसांत सोमवारची रात्र जावयांनी घरी असायचं, बुधवार-गुरुवार मुलांना आणायला पगारी माणूस ठेवायचा, कारण मी आई आहे, डे-केअर नाही. जावई काही बोलत नाहीत म्हणता, त्या दिवशी बोलावं लागेल त्यांना. बायको डेलिगेट झाली की तिकडे नवऱ्याच्या कामधंद्याची, गुंतवणुकीची काही माहितीही दरवर्षी जाहीर करावी लागते, ते त्यांना कोणी सांगितलंय की नाही कोण जाणे, गप्प असण्याचं कारण तेही असू शकेल.

आणि प्रचाराच्या उन्हाळ्यात जाणार असाल तर पैसे न घेता मदत करायला तुम्हाला कायद्याची आडकाठी नाही, लिफाफे भरा, पोरांना पोहे करून घाला. दारोदार मात्र लेकीबरोबर एक दिवस तरी नक्की जा. साडीत जा, लोक दार उघडतात.

पहिल्या सेशनला निघालात तर बर्फाचे बूट इथून घेऊ नका, घसरतात, तिलाच आणून ठेवायला सांगा, एक नंबर मोठे, आत मोजे जाड लागतात.